तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीविजय 'आपलं' होतं का?

श्रीविजयावर बोलून व्यासपीठावरून उतरलो की कुणीतरी गाठतंच. "सुमात्रातलं ते बौद्ध साम्राज्य म्हणजे आपलंच की हो?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता नाही.

नव्हतं आपलं. सुमात्रातल्या पालेंबांगजवळचा केदुकान बुकितचा 682 सालचा शिलालेख घ्या. लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव वळणाची, संस्कृत शब्द भरपूर, पण भाषा जुनी मलय. त्यात वीस हजारांची फौज घेऊन निघालेला म्होरक्या दापुंता ह्यांगही तिथलाच. तलागा बातूच्या सात फण्यांच्या नागशिळेवर निष्ठेची शपथ कोरली आहे, फितुरांना शाप आहे. ती राजपुत्रांना लागू, तांडेलांना, व्यापाऱ्यांना आणि राजाच्या धोब्यांनाही! मलाक्काच्या सामुद्रधुनीवर पोट भरणारं राज्य होतं ते. गलबतवाले फुटले की संपलं.

मला मोह होत नाही असं नाही. सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे सुमात्राच्या, राजा बालपुत्रदेवानं नालंदेत विहार बांधला आणि बंगाल-बिहारच्या पाल घराण्यातल्या राजा देवपालानं त्यासाठी पाच गावं दिली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली होती. आता त्या वेळच्या मला विचारतो, बांधणारा तिकडचा, गावं देणारा पाल. तुझी छाती मध्ये कुठून आली? आणि बंगालचा बौद्ध पंडित अतिश तिथल्या आचार्य धर्मकीर्तीकडे शिकायला सुमात्रात गेला, ते का नाही सांगत कुणाला? त्यावर तेव्हाचा मी म्हणतो, मग चिनी भिक्खू इत्सिंग भारतात येण्याआधी तिथे थांबून संस्कृत व्याकरणच शिकला ना? वाद तिथेच अडतो.

पण मला खरा त्रास झाला तो एका व्याख्यानमालेत. नागपट्टणमचा विहार सांगून झाला होता. श्रीविजयाच्या राजानं चोलांच्या बंदरात तो उभारला, राजराज चोलानं आनैमंगलम गावाचं उत्पन्न त्याला लावून दिलं आणि ते दान ताम्रपटावर कोरवून घेतलं त्याच्या मुलानं, राजेंद्रानं. सभागृह गप्प. एकजण जांभई देत होते. मग मी 1025 वर आलो. त्याच राजेंद्राच्या आरमारानं श्रीविजय लुटलं, मलय द्वीपकल्पावरचं कडारम लुटलं, राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन याला पकडलं, त्याच्या नगराच्या वेशीवरचं 'विद्याधर तोरण' हस्तगत केलं. टाळ्या! कडाडून. मला पुढचं वाक्यच सुचेना. राजेंद्राच्या तंजावरच्या शिलालेखातली लुटलेल्या ठिकाणांची यादी वाचायची होती, ती वाचली नाही. पहिल्या रांगेतल्या बाई मागच्यांना म्हणाल्या, "तंजावर आपलंच ना!" बाई, व्यंकोजीराजे तिथे पोचायला अजून साडेसहाशे वर्षं होती. हे मी बोललो नाही. मानधनाचं पाकीट घेतलं नि घरी आलो.

लोकांचं चुकलं असंही छातीठोक म्हणवत नाही. छाप्याचं वर्णन मीच रंगवून करतो, आवाज चढवतो. पुढच्या वेळी विहार आधी सांगावा की नंतर, ठरत नाही. आधी सांगितला तर तो विसरला जातो. नंतर ठेवला तर तोवर टाळ्या वाजून गेलेल्या असतात.