माझा अनुभव: कुपोषण ‘वाढलं’ लिहायचं की ‘हललंच नाही’?

मी बडोद्यात एका सीएच्या ऑफिसात काम करतो, घर दांडिया बाजारात, मानवी हक्क वगैरेशी संबंध शून्य. 2021 च्या दिवाळीनंतर शेजारच्या काकूंनी पकडलं (रिटायर्ड शिक्षिका, ‘नाही’ ऐकून घेत नाहीत), म्हणाल्या, “तुला एक्सेल येतं ना, मग ये.” त्यांचा सात-आठ जणांचा ग्रुप लहान मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होता, ती म्हणे जिनिव्हाला जाणार.

जिनिव्हाचा काय संबंध, ते समजायलाच आठवडा गेला. आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा 1966 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात 1979 ला आला. अन्न, आरोग्य, शिक्षण, काम सगळं त्यात येतं. सरकारने दर काही वर्षांनी रिपोर्ट द्यायचा आणि जिनिव्हात बसणारी संयुक्त राष्ट्रांची 18 तज्ज्ञांची कमिटी तो तपासणार. आपली शेवटची तपासणी मे 2008 ची, पुढचा रिपोर्ट 2011 ला द्यायचा होता तो आम्ही कामाला लागलो तरी गेला नव्हता. आमच्या एखाद्या क्लायंटने रिटर्न असं लटकवलं असतं तर... असो. म्हणून मग दुसरं दार, नोव्हेंबर 2022 ला जिनिव्हातच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत भारताचा आढावा होता आणि तिथे संस्थांनाही लिहून पाठवता येतं, मिळून पाठवलं तर 5630 शब्द, एकट्याने 2815, बस.

माझ्याकडे आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचे अर्ज, आलं. गुजरातमध्ये अर्जाची फी वीस रुपये. पहिल्या अर्जात मी मारे विचारलं, “आंगणवाड्यांमध्ये पोषणाची स्थिती समाधानकारक आहे का?” उत्तर आलं की मत देता येत नाही. बरोबरच आहे म्हणा, आरटीआयमध्ये कागद मागायचे असतात, मत नाही. दुसऱ्या अर्जात वॉर्डवार विचारलं, किती मुलं नोंदवली, किती दिवस आहार दिला (नियमाने वर्षाचे 300 दिवस हवेत), किती जणांचं वजन झालं, आणि हेच आधीच्या तीन वर्षांचं. तीस दिवस गेले, काही नाही. पहिलं अपील टाकलं.

तोवर आंगणवाड्या कोविडनंतर परत उघडल्या होत्या म्हणून काकूंबरोबर एका ठिकाणी गेलो. तेडागर बेन (आंगणवाडीच्या मदतनीस) “बेसो ने भाई” (बसा ना) म्हणत खुर्ची पुसायला लागल्या, मलाच लाज वाटली. वजनकाटा होता पण उंची मोजायची पट्टी भिंतीवरून अर्धी निघालेली. आता गंमत बघा, बुटकेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, वर्षानुवर्षं खाणं कमी पडल्याची खूण, तो काट्यावर दिसतच नाही. काकू पट्टीकडे बघत राहिल्या, मग बाईंना एवढंच विचारलं, “नवी मागितली होती का?” मागितली होती, दोनदा.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची बुटकी मुलं देशात 38.4 टक्क्यांवरून 35.5 वर आली (2015-16 ते 2019-21), गुजरातमध्ये मात्र 38.5 वरून 39.0. मी ड्राफ्टमध्ये लाल रंगात टाकलं, “गुजरातमध्ये कुपोषण वाढलं”. काकूंनी खोडलं. मी म्हटलं, अहो आकडा तर वाढलाय! तर म्हणे, हा सँपल सर्व्हे आहे, अर्धा टक्का इकडे तिकडे होतोच, उद्या कोणी एवढंच पकडून सगळं कचऱ्यात टाकेल. “हललंच नाही” लिही. मला ते मिळमिळीत वाटलं, खरं सांगतो, दोन दिवस मी घुश्शात होतो. मग त्यांनी कराराचं कलम 2 दाखवलं, त्यात देशाने हाताशी असलेली साधनं कमाल वापरून टप्प्याटप्प्याने हक्क पूर्ण करायचेत. म्हणजे पुढे न सरकणं हाच प्रश्न, त्यासाठी ‘वाढलं’ म्हणायची गरजच नाही, आणि देश पुढे जाताना एक श्रीमंत राज्य जागेवर का, हे विचारलं की सरासरीच्या आड कोणाला लपता येत नाही. अकाउंट्सवाला असून हे मला सुचलं नाही.

बाकी संस्थांबरोबर मिळून पाठवलेल्या 5630 शब्दांत आमच्या वाट्याला चार ओळी आल्या. भिंतीवरच्या पट्टीची गोष्ट कापली गेली.

अपिलाचं उत्तर जूनमध्ये आलं, तोवर आमचा रिपोर्ट जाऊन तीन महिने झाले होते. बावीस पानं, गुजरातीत, एकाच वर्षाची, आधीच्या वर्षांचं “रेकॉर्ड उपलब्ध नाही”. काकूंनी ती पानं माझ्याकडून एक्सेलमध्ये भरून घेतली, वर वर्ष लिहिलं आणि शेजारचे चार कॉलम रिकामे ठेवायला सांगितले.