मेरिट पार्कवे: पुलांसाठी सावकाश जावं असा रस्ता

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला मेरिट पार्कवे न्यूयॉर्कच्या हद्दीवर, ग्रीनिचला सुरू होतो. स्टॅमफर्ड, नॉर्वॉक, फेअरफिल्ड, ट्रंबुल करत साधारण 60 किलोमीटरवर स्ट्रॅटफर्डजवळ हूसाटॉनिक नदी गाठतो. पुढे तोच रस्ता (क्रमांकाने रूट 15) विल्बर क्रॉस पार्कवे म्हणून चालू राहतो.

पहिला टप्पा 1938 मध्ये खुला झाला, उरलेला 1940 पर्यंत. जुन्या बोस्टन पोस्ट रोडवरची कोंडी फोडणं हा मूळ हेतू.

खरं वैभव पुलांचं. वास्तुरचनाकार जॉर्ज डंकेलबर्गर यांनी प्रत्येक पुलाला वेगळा चेहरा दिला: कुठे पंख, कुठे वेली, कुठे कोळ्याच्या लोखंडी जाळ्यात अडकलेलं फुलपाखरू. काँक्रीट स्वस्त होतं, म्हणून नक्षी त्यातच ओतली. इतकी कल्पकता आजच्या महामार्गांवर शोधून सापडत नाही.

पण हे पूल बुटके आहेत. ट्रक, बस, ट्रेलर यांना इथे बंदीच आहे; भाड्याचा ट्रक चालवत असाल तर साध्या कारचा नकाशा लावू नका, छत कमानीला घासतं. काही जुन्या प्रवेशमार्गांवर वेग घ्यायला लेन जवळजवळ नाहीच, थेट ‘स्टॉप’ची पाटी. तिथे पूर्ण थांबा आणि मोठी फट मिळाल्यावरच घुसा. वादळात झाडं रस्त्यावर पडतात, तेव्हा आय-95 हा महामार्ग बरा.