दोनच सर्जन आणि माझा काळा मार्कर

मी इथे अमेरिकेत एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या फायली सांभाळते, म्हणजे लायसन्स चालू आहे का, कुठे तक्रार आहे का, असलं सगळं. आईला अजूनही वाटतं मी नर्स आहे, मीही आता नाद सोडलाय.

तर इथे लायसन्स देशाचं नसतं, प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, आणि वर हॉस्पिटल स्वतःची परवानगी वेगळी देतं, तिला प्रिव्हिलेजेस म्हणतात. एखादी केस बिघडली की पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरने फाईल तपासायची. पक्षपात नको म्हणून केस करणाऱ्या डॉक्टरच्या नावावर काळा मार्कर फिरवायचं काम माझं. आता गंमत बघा, आमच्याकडे सर्जनच दोन! गावात पित्ताशय काढणारे हे दोघेच, फाईल उघडल्यावर आपण ते ऑपरेशन केलेलं नाही एवढं तर माणसाला आठवतं ना, मग उरलं कोण? मी आपली इमाने इतबारे मार्कर फिरवते.

हे आमच्याच गावाचं रडगाणं नाही. कामाला लागले तेव्हा आमच्या सीनियर बाईंनी पहिल्याच आठवड्यात ऑरेगॉनमधल्या अस्टोरियाची केस वाचायला लावली होती. दहा हजार वस्तीचं गाव, हॉस्पिटल एकच. टिमोथी पॅट्रिक नावाचा सर्जन 1972 मध्ये तिथल्या क्लिनिकात नोकरीला लागला, पुढे पार्टनर हो म्हणाले तर नको म्हणाला आणि स्वतःचा दवाखाना टाकला. झालं! क्लिनिकवाले पेशंट 50 मैल लांबच्या सर्जनकडे पाठवायला लागले पण ह्याच्याकडे नाही. ह्याला सल्ला द्यायचा नाही, ह्याच्या गैरहजेरीत पेशंट बघायचे नाहीत, आणि वर बोंब काय, तर हा कोणाचा सल्ला घेत नाही आणि ह्याच्यामागे पेशंट बघायला कोणी नसतं! मला हे वाचून आमची जुनी सोसायटीच आठवली, आधी पाणी तोडायचं आणि मग कुंड्या वाळल्या म्हणून नोटीस लावायची. प्रकरण राज्याच्या बोर्डाकडे गेलं तर तिथल्या चौकशी समितीचा अध्यक्ष कोण, त्याच क्लिनिकचा पार्टनर. 1981 मध्ये हॉस्पिटलने प्रिव्हिलेजेस काढायला घेतल्या, चौकशी अर्धवट असतानाच ह्याने राजीनामा दिला आणि मग कोर्टात ज्युरीने साडेसहा लाख डॉलर भरपाई ठरवली, स्पर्धा मारण्याविरुद्धच्या कायद्याखाली तिची तिप्पट झाली. मधल्या कोर्टाने उलटवलं, पण 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने पॅट्रिकच्याच बाजूने निकाल दिला.

हे चालू असतानाच 1986 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, उलट्या बाजूने कायदा केला की प्रामाणिकपणे रिव्ह्यू करणाऱ्या डॉक्टरांना नुकसानभरपाईची भीती नको, नाहीतर वाईट डॉक्टरविरुद्ध कोणी तोंडच उघडणार नाही. तेही खरंच आहे म्हणा, मी अशाही फायली बघितल्यात की वाचून झोप उडावी. त्याच कायद्यातून 1990 मध्ये डॉक्टरांवरच्या कारवायांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय डेटा बँक सुरू झाली, चौकशी चालू असताना राजीनामा दिला तर त्याचीही तिथे नोंद होते आणि पुढे जिथे जाल तिथलं हॉस्पिटल ती बघतंच. पॅट्रिकसारखं उठून जायची सोय राहिली नाही.

आपल्या देसी डॉक्टरांना हे जास्त झोंबतं. बरेचसे जे-वन वेव्हरवर, म्हणजे शिक्षणाच्या व्हिसावरची मायदेशी परतायची अट माफ करून घेऊन, अशा गावांत येतात, 3 वर्षं तिथेच नोकरी करायची अट, त्यामुळे जुन्या डॉक्टरने खुन्नस धरली तरी लगेच बॅग उचलता येत नाही.

गेल्या महिन्यात एक फाईल आली. कोणाची, कसली, ते सांगणार नाही, कायद्यानेच तोंड बंद आहे. ह्या वेळी मी हट्टाने बाहेरच्या रिव्ह्यूअरकडे पाठवायला लावली, खर्चावरून थोडी कुरकुर झाली, पण गेली एकदाची. उत्तर अजून यायचंय. तोवर दोघं सर्जन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ह्या शनिवार-रविवारी एक गावाला चाललाय तर त्याचे पेशंट दुसराच बघणार आहे, कारण तिसरा आणायचा कुठून? कोणाला काय औषध चालू आहे ते एकमेकांना माझ्यामार्फत सांगायला बघत होते, मी हात जोडले आणि दोघांना नर्सबाईंकडे पाठवलं.