वस्तू फुकट, मजुरीचे पैसे: आमची वाटचाल

जुन्या घरसामानाच्या आमच्या गोदामाच्या शटरवरची पाटी सुरुवातीपासून तीच आहे: ‘वस्तू फुकट. उचलणे, खोलणे, जोडणे, दुरुस्ती यांचे पैसे पडतील.’ ज्यांना ती कळली ते कायमचे आमचे झाले. ज्यांना कळली पण वळली नाही, त्यांनी आम्हाला काय काय म्हटलं ते पुढे येईलच. खरं तर ते एकदा लिहून ठेवावं म्हणूनच बसलो आहे.

पुण्यात घरसामान फिरतं ते अकरा महिन्यांच्या भाडेकरारामुळे. करार संपतो, मालक भाडं वाढवतो, नोकरदार पोरं बंगळूर-हैदराबादला जातात, आणि दिवाण, मांडणी, अभ्यासाचं टेबल यांना टेम्पोत जागा उरत नाही. एप्रिल-मे हा निघणाऱ्यांचा मोसम, जून-जुलै येणाऱ्यांचा. दसऱ्याआधी माळे आवरले जातात तेव्हा आणखी एक लाट येते. मी तेव्हा एका मूव्हर्स-पॅकर्सकडे सुपरवायझर होतो. धडधाकट सागवानी खुर्ची सोसायटीच्या गेटशी ठेवून लोक निघून जायचे. संध्याकाळी भंगारवाला ती फोडून खिळे, बिजागऱ्या काढून न्यायचा. त्याच गल्लीत, चार इमारती सोडून, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारा मुलगा जमिनीवर पालथा पडून अभ्यास करत असायचा. हे रोज दिसत होतं.

2014 मध्ये नोकरी सोडली, हप्त्यावर जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला आणि व्हॉट्सॲपवर सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडी भागाचा गट काढला. द्यायचंय त्यांनी फोटो टाकायचा, हवंय त्यांनी हात वर करायचा, वाहतूक आमची. तेव्हा एका गटात फार माणसं मावायची नाहीत, पुढे मर्यादा 256 झाली. आमचे गट भरत गेले तसे आम्ही वाढवत गेलो. अमेरिकेहून परतलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की 2003 साली ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये डेरॉन बील यांनी फ्रीसायकल नावाने हेच सुरू केलं, नुसत्या ई-मेलवर, आणि तिथेही नियम एकच: वस्तूला पैसे लावायचे नाहीत. ऐकून बरं वाटलं. पण तिकडे माणूस आपल्या गाडीतून वस्तू घेऊन जातो. इथे तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून, वळणाच्या जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवायचं असतं. त्या उतरवण्यातच आमचा धंदा आहे.

मामा नसते तर हा धंदा सहा महिन्यांत गुंडाळला असता. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मूळचे राजापूरकडचे, मुंबईच्या कारखान्यात फर्निचरचं काम केलेले. आले तेव्हा त्यांच्याकडे एक कॅनव्हासची पिशवी होती: रंधा, तीन मापांच्या पटाशा, गिरमिट, गुण्या, बारीक दातांची करवत आणि दोन शिकंजे. रंध्याची मूठ हाताच्या घामाने काळीभोर, गुळगुळीत झालेली. ॲलन की आणि बॅटरीवरचं ड्रिल मी घेऊन दिलं, ते त्यांनी वापरलं, पण पिशवीत ठेवलं नाही. वस्तू खोलायला सुरुवात करण्याआधी ते प्रत्येक सांध्यावर खडूने खूण करायचे. डाव्या बाजूला एक रेघ, उजव्या बाजूला दोन. निघालेले स्क्रू त्या-त्या फळीलाच चिकटपट्टीने लावायचे, एका डब्यात कधीच टाकायचे नाहीत. आजही आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी त्याच्या हातात खडू देतो. तुम्ही स्वतः घरी पलंग खोलणार असाल तरी असंच करा. पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर दोनदापेक्षा जास्त खोलू-जोडू नका, भोकं ढिली होतात. ती भरून यायला भोकात फेविकॉल लावून बांबूची काडी ठोकायची, रात्रभर सुकू द्यायची, मगच स्क्रू फिरवायचा.

दुसरं माणूस म्हणजे पर्वती पायथ्याच्या काकू, निवृत्त शिक्षिका. काकांच्या आजारपणात आणलेली व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची द्यायला त्यांनी फोन केला होता. त्या वस्तू आम्ही त्यांच्याच भागातल्या एका गणेश मंडळाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात पोचवल्या, कारण अशा सामानाची खरी जागा तीच. तिथून ते एकामागून एक गरजूंच्या उपयोगी पडतं. काकांचा पलंग मात्र कोणी घेईना. गटात हात वर करायचे आणि मग खासगीत विचारायचे, ‘यावर कोणी गेलं होतं का?’ मी खोटं बोलत नाही. अखेर कात्रजजवळच्या एका बांधकामावरचा वॉचमन तो घेऊन गेला. तो माणूस काकूंकडे जाऊन त्यांच्या पाया पडून आला. त्या दिवसापासून काकू आमच्या झाल्या.

त्यांनीच वही सुरू करायला लावली. लांबट, लाल बांधणीची, दुकानदार वापरतात तसली. कोणी दिलं, काय दिलं, कोणी नेलं, मजुरी किती, आणि दोन्हीकडच्या सह्या. मला ते लोढणं वाटायचं. जिन्यात घामाघूम उभं असताना सही मागायची म्हणजे काय! काकू दर रविवारी येऊन वही तपासायच्या आणि सही नसेल तिथे लाल पेनने गोल करायच्या.

आता ते 2019. 25 सप्टेंबरच्या रात्री कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा अंगावर आला. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. त्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही, हे आम्हीही जाणतो. पण अरण्येश्वरच्या बाजूचं आमचं गोदाम छातीएवढ्या पाण्यात होतं आणि दसऱ्याआधीचं सामान आत खच्चून भरलेलं. सागाचं सगळं टिकलं, सांगाडे धुऊन वाळवले की झालं. प्लायवूडचे पापुद्रे सुटले. पार्टिकल बोर्ड इतका फुगला की कपाटांचे दरवाजे आपोआप उघडून पडले. गाद्या पाणी पिऊन चार जणांना उचलवेनात. टेम्पोच्या इंजिनात चिखल गेला. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळं सामान वाळवायला आणि निवडायला रस्त्यावर पसरलं.

आमच्याच गटात एक गृहस्थ होते, दोन टेम्पोंचे मालक. नाव घेत नाही. वर्षभर ते आमच्या गटातून भाडी घेत होते, आमच्या ओळखीने सोसायट्यांत जात होते. त्यांनी त्या पसाऱ्याचा फोटो काढला आणि वीस-पंचवीस सोसायट्यांच्या गटांत टाकला. खाली मजकूर: ‘तुम्ही गरिबांसाठी दिलेलं सामान हे लोक असं सडवतात. चांगलं असतं ते जुन्या बाजारात विकतात. यापुढे या नंबरवर द्या.’ नंबर त्यांचा स्वतःचा. गटाचं नावही आमचंच, पुढे फक्त ‘नवीन’ जोडलेलं.

ज्या लोकांनी आम्हाला पुरात चहा पाजला होता, त्यातल्या काहींनीसुद्धा तो मजकूर पुढे ढकलला. दोन मोठ्या सोसायट्यांनी गेटवर आमचा टेम्पो अडवला. वॉचमन ओळखीचा, तो मान खाली घालून म्हणाला, ‘साहेब, ऑफिसचं पत्र आणा.’ ऑफिसने पत्र दिलं नाही आणि कारणही दिलं नाही. ज्यांच्या घरातून मी मध्यरात्री वॉशिंग मशीन उतरवलं होतं, अशी माणसं फोन उचलेनात. दिवाळीचा मोसम पूर्ण गेला. टेम्पोचे हप्ते थकले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मामांनी दोन महिने पगार घेतला नाही, फक्त जेवणाचा डबा आमच्या घरून गेला पाहिजे एवढंच म्हणाले.

काकू मात्र वही घेऊन निघाल्या. वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती म्हणून वाचली होती. वयाच्या सत्तरीत त्या रिक्षाने एकेका सोसायटीत गेल्या. कमिटीसमोर वही उघडायच्या आणि ज्यांनी सामान दिलं त्यांनाच त्यांची सही दाखवायच्या, शेजारी नेणाऱ्याची सही. मला सोबत येऊ दिलं नाही, ‘तू आलास की वाद होईल’ म्हणाल्या. काही ठिकाणी पटलं, काही ठिकाणी चहा देऊन वाटेला लावलं.

गोष्ट उघडी पडली ती भांड्यांमुळे. आपल्याकडे लग्नात भांड्यांवर नावं घालतात. धनकवडीच्या एका ताईंनी सासूबाईंची पितळी कळशी, दोन पातेली आणि मिसळणाचा डबा त्या ‘नवीन’ गटाला दिला होता, कुणा गरजू संसाराला मिळेल म्हणून. एका रविवारी त्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेल्या. तो बुधवार-रविवार भरतो, सगळ्यांना माहीत आहे. तिथे पथारीवर कळशी दिसली. काठाखाली सासूबाईंच्या माहेरचं नाव, लग्नाची तारीख, सगळं कोरलेलं. पथारीवाल्याने टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्याने पैसे मोजून घेतली होती. ताईंनी स्वतःच्याच सासूची कळशी विकत घेतली आणि तिचा फोटो त्याच सगळ्या गटांत टाकला.

‘नवीन’ गट पुढे बंद पडला. सोसायट्यांचे फोन पुन्हा यायला लागले. पण तो पहिला मजकूर पुढे पाठवणाऱ्या कोणीही ‘चुकलं’ म्हणून एक ओळ लिहिली नाही. एका सोसायटीत आजही आमच्याकडूनच पत्र मागतात, बाकी कुठल्याही टेम्पोकडून नाही. हे माझ्या मनातून जात नाही आणि जायला हवं असंही मला वाटत नाही. भांडी देणाऱ्यांना तेव्हापासून सांगतो: नाव खोडू नका. नाव असलेलं भांडं विकायला अवघड जातं आणि घेणाऱ्या घरात ते वर्षानुवर्षं टिकतं.

मग 2020ची टाळेबंदी आली, सहा-सात महिने काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. नंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. टेम्पो दुसरा घेतला, गोदाम उंचावर आणलं, पाटल्या सोडवल्या. मामा गावी गेले, पिशवी भाच्याला देऊन. जुलै 2024 मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, तेव्हा शेगड्या, चादरी, भांडी, टेबलं यांनी गोदाम दोन दिवसांत भरलं आणि तेवढ्याच वेगाने रिकामं झालं. त्या वेळी मजुरी लावली नाही. त्या नोंदीही वहीत आहेत.

फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या मागे धावणाऱ्या पोरांना कोणी काही सांगत नाही, म्हणून मी सांगतो. गादी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर टॉर्च घेऊन शिवणीच्या कडा उलगडून बघा, बारीक काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत असं समजा. फ्रिज आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नका, निदान चार-पाच तास उभा राहू द्या. मिक्सर देणाऱ्याच्या घरीच फिरवून बघा, जळका वास आला तर आत ठिणग्या पडतायत का ते पाहा, कार्बन ब्रश बदलून बरेचदा काम भागतं. कुकरचा गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीनच घाला. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर कोणी ‘असाच घेऊन जा’ म्हटलं तरी हात लावू नका, ते कंपनीचे असतात, एजन्सीत परत करून पावती घ्यायची असते. आणि लिफ्टचं माप घेतल्याशिवाय तीन दारी कपाटाला हो म्हणू नका. फोटोत सगळंच लहान दिसतं.

काकू आता रविवारी येत नाहीत, गुडघे दुखतात. वही मी त्यांच्याकडे घेऊन जातो. लाल गोल अजून पडतात.

येत्या मोसमात अभ्यासाचं टेबल किंवा दिवाण हवा असेल त्यांनी मे महिन्यातच सांगून ठेवावं, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर काही शिल्लक राहत नाही. लोखंडी कपाटं सध्या आहेत. किल्ली नसलेली दोन आहेत, पण मामांचा भाचा कुलूप बदलून देतो. कुलपाचे आणि मजुरीचे पैसे पडतील.