तसबीर कुठे पडते

रत्नागिरीकडच्या एका गावात महाशिवरात्रीच्या उत्सवाला देवळाच्या पटांगणात गावकऱ्यांचं नाटक होतं. यंदा ‘संशयकल्लोळ’ घेतलं होतं, दिग्दर्शन माझ्याकडे होतं. हे टिपण आहे रंगीत तालमीच्या दिवसाचं, कारण नाटक खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते त्या दिवशी.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक तसबिरीवर उभं आहे. मुळात 1893 साली ते गद्य होतं, आणि त्याच्या नावातच ‘तसबिरीचा घोटाळा’ होता. पदं घालून ते गंधर्व नाटक मंडळीने 1916 साली रंगभूमीवर आणलं, देवल गेले त्याच वर्षी. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका खिडकीतून पाहते. त्या गडबडीत रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. कोणी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे प्रेक्षकाला चोख कळलं तर पुढचा प्रत्येक हशा येतो. एक दुवा निसटला तर पुढे तासभर माणसं नुसती गाणी ऐकतात.

आमचा रंगमंच 24 फूट रुंद, 18 फूट खोल आणि साडेतीन फूट उंच होता. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, शेवटची रांग साधारण 70 फुटांवर. संध्याकाळी साडेपाचला तालीम सुरू केली. तेव्हा समुद्रावरचा वारा जोरात असतो आणि पडदा शिडासारखा फुगतो, म्हणून मागे रंगवलेला पडदा न लावता आठ फुटी प्लायचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सुट्या भिंती, उभे केले होते. प्रत्येक फ्लॅटच्या मागे तिरका टेकू आणि टेकूवर वीस-वीस किलोच्या वाळूच्या दोन गोणी. एका गोणीवर फ्लॅट हलतो; घराची भिंत हलली की लोक भिंतीकडे बघतात. रात्री नऊनंतर हा वारा पडतो, पण तोवर नांदी होऊन गेलेली असते.

पहिला प्रवेश झाला. संवाद पाठ, हालचाली जागच्या जागी, आणि तरी तसबीर पडली तिथे काहीच घडलं नाही. सतरंजीवर बसलेल्या एका पोराने शेजारच्याला विचारलं, “काय पडलं? मला नाय दिसलं.” मी त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसलो. मलाही दिसली नाही.

गणित साधं होतं, पण खुर्चीवर बसून तालमी घेतल्याने महिनाभर सुटलं होतं. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे आमच्या रंगमंचाच्या पातळीच्या बारा इंच खाली. पहिली सतरंजी रंगमंचाच्या कडेपासून आठ फुटांवर. म्हणजे कडेपासून एकेक फूट आत जावं तसं दीड-दीड इंच झाकलं जातं. आमची तसबीर पडत होती दहा फूट आत, सपाट जमिनीवर. तिथे पंधरा इंच उंचीपर्यंतचं सगळं पुढच्या रांगांना अदृश्य होतं. मागच्या खुर्च्यांवरच्यांना जमीन दिसत होती, पण पाच बाय सात इंचांची तसबीर 60-70 फुटांवरून कोणाला कळणार? शिवाय तिला काच होती, त्यामुळे दिवे लागले की ती पांढरी चमकायची.

तासाभरात तीन गोष्टी बदलल्या. फाल्गुनरावाच्या घराचा ओटा आणि त्याची नऊ इंचांची पायरी पुढे ओढून कडेपासून सहा फुटांवर आणली. तिथे पहिल्या रांगेपासून झाकली जाणारी उंची बरोबर नऊ इंच, म्हणजे पायरीच्या वरचं सगळं दिसतं. तसबीर आठ बाय दहा इंचांची केली. काच काढली, चित्र मॅट कागदावर घेतलं, सोनेरी चौकट दीड इंच रुंद ठेवली. लांबून चेहरा कोणाचा हे कळत नाही, पण सोनेरी चौकोन ओळखू येतो आणि तेवढं पुरतं. तिसरा बदल महत्त्वाचा: रेवतीने तसबीर ‘टाकायची’ नाही. ती ओट्याला टेकून खचते, हात सैल पडतो आणि तसबीर फूटभर घसरून पायरीवर तिरकी टेकते. त्या जागेपुरती रंगमंचावरची सतरंजी दोन बाय तीन फूट कापून काढली, म्हणजे लाकडावर लाकडाचा आवाज होतो आणि तो जमिनीवरच्या माईकला मिळतो. चौकटी तीन करून ठेवल्या, कारण सांधा चौथ्या-पाचव्या वेळेला सुटतोच.

मग खिडकी. ती उजव्या फ्लॅटमध्ये प्रेक्षकांना जवळजवळ काटकोनात होती आणि मांडवाचा वासा तिच्या आड येत होता. फ्लॅट तीस अंशांनी पुढे वळवला, मागे कृत्तिकेसाठी उभं राहायला पंधरा इंचांची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, ठेवला. आणि एक नियम घातला: कृत्तिका खिडकीत आली की बाकी दोघांनी मनात एक-दोन मोजेपर्यंत हलायचं नाही. उघड्यावर प्रेक्षकाची नजर भटकते. दीपमाळ, भज्यांची गाडी, मधूनच येणारं कुत्रं. रंगमंचावर जी एकच गोष्ट हलत असेल तिकडे नजर जाते. अमावास्या जवळ असल्याने चंद्राचा उजेड नव्हता, पण दुकानांचे बल्ब रंगमंचाच्या दिव्यांइतकेच जोरकस होते. दुकानदारांना विनंती करून रंगमंचाच्या बाजूचे बल्ब कागदाने झाकून घेतले.

आवाजाकडे आम्ही आधीपासून लक्ष दिलं होतं. कॉलर माईक घेतले नाहीत. उपरणं, पदर आणि मंगळसूत्र त्यावर घासतात. त्याऐवजी कडेला चार माईक, प्रत्येकाखाली अर्ध्या इंचाचा फोम, नाहीतर पावलांचा धपधप आवाज संवादाच्या वर येतो. वाऱ्यासाठी वरून फोमची टोपी. स्पीकर माईकच्या पाच फूट पुढे, म्हणजे शिट्टी बसत नाही. प्रॉम्प्टर मात्र माईकच्या फार जवळ बसला होता आणि त्याचा प्रत्येक शब्द देवळापर्यंत जात होता. त्याला मागच्या विंगेत हलवलं.

यातलं सगळ्यात अवघड काम हशाचं होतं. नाट्यगृहात छप्पर आणि भिंती हशा परत रंगमंचावर टाकतात. पटांगणात तो वर निघून जातो. नटाला पाचशे माणसांचं हसणं पन्नास जणांचं वाटतं, तो समजतो वाक्य पडलं, आणि घाईने पुढचं वाक्य हशाखाली गाडतो. शिवाय मागच्या रांगेला आवाज थोडा उशिरा पोचतो आणि तिथलं हसू परत यायलाही वेळ जातो. तालमीत प्रेक्षक नसल्याने हे कळत नाही. नटांना सांगितलं की कानावर विसंबू नका, पुढच्या दोन रांगा बघा. दिव्यांचा उजेड त्यांच्यावर पडतोच. हसणारा माणूस मागे कलतो किंवा शेजाऱ्याकडे वळतो. डोकी पुन्हा समोर आली की बोला. तोवर हाताला काम हवं: फाल्गुनरावाने उपरणं नीट करावं, त्याच्या नोकराने, भादव्याने, झाडू मारत राहावं. नुसतं थांबलेला नट वाक्य विसरल्यासारखा दिसतो.

वेळ मोजून ठेवली होती. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, त्यातला एक दिवस आमच्या वाट्याला होता. पूर्वीसारखं पहाटेपर्यंत नाटक चालवणं शक्य नाही. पाच अंकांचे दोन भाग केले, 75 आणि 65 मिनिटांचे, मध्ये पंधरा मिनिटं. पदं निम्म्याहून कमी ठेवली. ज्या पदाने घोटाळा पुढे सरकत नाही ते आधी गेलं, कितीही गोड असलं तरी. गायक नटांना ते जड गेलं आणि त्यांचं म्हणणं मला पटत होतं. तबल्याची तक्रार वेगळी: उशिरा दव पडू लागलं की शाई-चाट ओलसर होते आणि सूर उतरतो. दुसऱ्या भागासाठी वेगळा तबला कापडात गुंडाळून, पेटत्या बल्बजवळच्या खोक्यात ठेवला आणि मध्यंतरात बदलला.

प्रयोग आरतीमुळे नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाला. तसबीर घसरली, पायरीवर टेकली, लाकडाचा टक् आवाज आला. कृत्तिका खिडकीत आली. एक, दोन. पहिल्या सतरंजीवरच्या बायका आधी हसल्या, मग खुर्च्या, मग अगदी मागे सायकलींना टेकून उभी असलेली माणसं. फाल्गुनरावाने उपरणं नीट करत तो हशा पूर्ण जाऊ दिला. पडदा पडला तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती, आणि पहिल्या चौकटीचा एक कोपरा सुटलेला होता.