आमची वाटचाल : जाम झालेलं सोडवायचं, पण शाफ्ट वाचवून

शाफ्टवर, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावर, जाम बसलेलं कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग), पुली, गिअर, बेअरिंगची इनर रेस (आतली कडी), पंपाचा इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक), जे काय असेल ते उष्णता देऊन सोडवायचं आणि शाफ्ट ओरखडा न येता मालकाच्या हातात परत द्यायचा, हे आमचं काम. फर्म छोटी आहे, माणसं मोजकी, पण आता मुख्य काम हेच आणि ते मनापासून करतो.

सुरुवात मात्र लेथच्या जॉबवर्कने झाली. नवीन शाफ्ट टर्न करून देणं, की-वे (चावी बसायची खाच) पाडणं, झिजलेल्या जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) वेल्डिंग भरून परत साइजला आणणं वगैरे. तेव्हा एक गोष्ट सारखी डोळ्यात यायची, आमच्याकडे येणारे बरेच शाफ्ट चालून चालून झिजलेले नसायचेच, काढताना खराब झालेले असायचे. घणाने ठोकून टोक फुललेलं, सेंटरचं भोक बुजलेलं, कटरने हब (कपलिंगचा किंवा पुलीचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) कापताना खाली शाफ्टमध्ये खाच गेलेली, नाहीतर गॅसने एकाच बाजूला लाल करून वाकलेला. आम्हाला त्यातून नवीन शाफ्टची ऑर्डर मिळायची, धंद्याच्या हिशोबाने बरंच होतं, पण इतकं चांगलं पोलाद नुसतं काढण्याच्या घाईत भंगारात जाताना बघवत नव्हतं. हळूहळू लोकांना सांगायला लागलो की बाबांनो, ठोकू नका, तसाच घेऊन या, आम्ही काढून देतो. तिथून हा धंदा उभा राहिला.

आता यात उष्णता नेमकं काय करते ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं भरपूर तापवलं की सुटतं. साधं पोलाद दर डिग्रीला, दर मीटरला साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. म्हणजे १०० मिमीचा बोअर (हबचं आतलं भोक) १०० डिग्रीने तापवला तर तो ०.११ ते ०.१२ मिमीने मोठा होतो. आणि त्या साइजचं चांगलं घट्ट बसवलेल्या कपलिंगचा बोअर शाफ्टपेक्षा साधारण ०.०४ ते ०.०९ मिमीने लहान केलेला असतो. म्हणजे हिशोबाने १०० डिग्रीत काम व्हायला पाहिजे, फार तर दीडशे धरा. पण हे कधी, तर शाफ्ट थंड राहिला तर. हबबरोबर शाफ्टही तेवढाच तापला तर दोघं सारखेच फुगले आणि पकड जिथल्या तिथे. म्हणून आम्ही किती डिग्रीला नेलं यापेक्षा हब आणि शाफ्ट यांच्यात फरक किती पडला हे बघतो, आणि तो फरक मिळतो वेगाने. सावकाश तापवत बसलात तर उष्णता शाफ्टमध्ये उतरणारच. रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या चाकावर पोलादी धाव तापवून चढवत आणि थंड झाली की ती चाकाला आवळून बसायची, आमचं काम त्याच तत्त्वावर पण उलट्या दिशेने, आणि उलटं जास्त अवघड कारण चढवताना दोन वस्तू वेगळ्या असतात, काढताना त्या एकमेकीला चिकटलेल्या असतात.

आणि नुसत्या फिटचा, म्हणजे किती घट्ट बसवलंय याचा, प्रश्न असता तर बरं झालं असतं. वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये हब आणि शाफ्टच्या मधे बारीक हालचाल होत राहते, त्यातून तपकिरी लाल भुकटी तयार होते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा साधारण दुप्पट जागा घेतो, म्हणजे जी फट कधी नव्हतीच तिथे तो घुसतो आणि पाचर मारल्यासारखी पकड करतो. अशा ठिकाणी गणिताने काढलेलं तापमान पुरत नाही, तापवणं आणि थंड करणं एकदोनदा करून तो गंज फोडावा लागतो, मग पेनिट्रेटिंग ऑइलला आत शिरायला वाट मिळते. ऑइल मात्र ज्वाला लावायच्या आधी नीट पुसायचं. आणि क्लोरीन असलेला क्लीनर मारून लगेच गॅस पेटवायचा नाही, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

आमच्याकडे पहिली साधनं म्हणजे ऑक्सी-ॲसिटिलीनचा सेट, मोठं हीटिंग नोझल आणि एक पुलर (हब ओढून काढायचं साधन). ऑक्सी-ॲसिटिलीनची ज्वाला ३१०० डिग्रीच्या आसपास असते, ताकद भरपूर पण ती एका जागी थांबली की तिथलं पोलाद बिघडतं. म्हणून शिस्त लावून घेतली, दोन माणसं दोन टॉर्च घेऊन समोरासमोर, हात सतत फिरता, आणि तापवायला सुरुवात बाहेरच्या कडेकडून, मग आत हबकडे. हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं. पण मोठी पुली किंवा गिअर मधेच तापवला आणि बाहेरची कडा थंड राहिली तर मधल्या भागाला बाहेर फुगायला जागाच नसते, तो आत दाबला जातो आणि शाफ्टला आणखी आवळतो. बाहेरून आत आलात तर सगळं मिळून फुगतं आणि बोअर मोकळा होतो. कास्ट आयर्नच्या पुलीला तर हे फारच जपावं लागतं, एकाच जागी तापवली किंवा गरम असताना पाणी मारलं की तडा गेलाच समजा. शाफ्टला मात्र ओलं फडकं गुंडाळतो, पोकळ शाफ्ट असेल तर आतून पाणी किंवा हवा सोडतो, आणि काही कामांत ड्राय आइस वापरतो, ते उणे ७८ डिग्रीचं असतं, त्याने शाफ्ट आकसतोही.

रंगावर विश्वास ठेवायचा नाही हे पण ठरवून टाकलं. चकचकीत पोलाद २२० डिग्रीच्या आसपास पिवळसर होतं, ३०० ला निळं, पण गंजलेल्या, रंग दिलेल्या हबवर ते काही दिसत नाही. आणि केस हार्डनिंग केलेला, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेला, शाफ्ट बहुतेक १५० ते २०० डिग्रीवर टेम्पर केलेला (ठिसूळपणा घालवायला परत तापवलेला) असतो, त्याच्या वर गेलात की पृष्ठभागाचा कडकपणा उतरायला लागतो, रंग निळा दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून तापमान दाखवणारे खडू वापरतो, ठरलेल्या डिग्रीला खडूची रेघ वितळते. इन्फ्रारेड गन सगळ्यांकडे असते, पण चकचकीत धातूवर ती कमी तापमान दाखवते, म्हणून जिथे मोजायचं तिथे आधी काळा रंग लावून घ्यायचा.

खरं सांगायचं तर गॅस पेटवायच्या आधीची तयारी हेच अर्ध्याहून जास्त काम आहे. ड्रॉइंग मिळालं तर उत्तम, नाहीतर सगळं साफ करून बघायचं, सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकवायची रिंग) आहे का, लॉकनट आहे का, ग्रब स्क्रू (हब शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) कुठे आहे, आणि एक ग्रब स्क्रू काढला की त्याच भोकात खाली दुसरा आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी असतो आणि तो राहिला तर कितीही तापवा, कपलिंग हलणार नाही. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर आटे कुठल्या दिशेचे आहेत ते आधी. मग पुलर लावायचा, शक्यतो हबच्या तोंडावरच्या टॅप केलेल्या भोकांतून, कडेला जबडे अडकवून नाही, शाफ्टच्या सेंटरवर संरक्षक बटण ठेवायचं आणि हायड्रॉलिकने आधी ताण देऊन ठेवायचा. तापवणं त्याच्यानंतर. मग एकदा तो कट असा आवाज आला आणि कपलिंग सरकलं की थांबायचं नाही. काहीही झालं तरी नाही. अर्ध्यात थांबलं की हब थंड व्हायला लागतो, शाफ्ट तापत राहतो आणि ते तिथेच पहिल्यापेक्षा घट्ट बसतं. त्यामुळे पुलरचा स्ट्रोक पुरेसा आहे ना, पॅकिंगचे तुकडे हाताशी आहेत ना, कपलिंग निघाल्यावर त्याचं वजन कशावर येणार, चेन ब्लॉक बांधलाय ना, हे सगळं आधी. आमचा मोठा मिस्त्री नवीन पोरांना गॅसला हात लावू द्यायच्या आधी हेच सगळं तोंडी म्हणून घेतो.

धंद्याला खरं वळण आलं ते इंडक्शन हीटर घेतल्यावर. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूमध्ये करंट तयार होतो, तोच करंट धातूला तापवतो. हबभोवती लवचीक केबलची कॉइल गुंडाळायची आणि मशीन चालू करायचं, उष्णता थेट हबच्या बाहेरच्या थरात तयार होते. शाफ्टपर्यंत ती पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपलं काम झालेलं असतं. आम्हाला जो फरक पाहिजे होता तो यात आपोआप मिळतो, आणि सगळीकडून सारखा तापतो हा दुसरा फायदा. पैसे जमवून, कर्ज काढून घेतलं ते मशीन, आणि एका छोट्या फर्मसाठी तो मोठाच निर्णय होता, पण त्यानंतर आमचं कामच बदललं. ज्वाला नसल्यामुळे जिथे गॅस पेटवायला बंदी असते अशा बऱ्याच जागी आता आत जाता येतं. अर्थात परवानगी तिथेही लागतेच, कारण दोनशे डिग्रीचा हब हा पण पेट घेणाऱ्या वाफेसाठी धोकाच आहे. काम झाल्यावर डीमॅग्नेटाइझ करायचं विसरून चालत नाही. शाफ्टमध्ये चुंबकत्व राहिलं तर लोखंडाची बारीक कीस त्याला धरते आणि ती बेअरिंगमध्ये जाते. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांना चालू मशीनजवळ येऊ देत नाही.

रोलर बेअरिंगच्या इनर रेससाठी वेगळी पद्धत आहे आणि ती मला स्वतःला फार आवडते. ज्या रेसला कॉलर (कडेचा उंचवटा) नसतो अशांसाठी चिरा असलेली ॲल्युमिनियमची रिंग मिळते, ती २८० डिग्रीच्या आसपास तापवायची, रेसवर जाड ऑइल लावायचं, रिंग घालून हँडल दाबायचं आणि रेस सैल झाली की सगळं एकदम बाहेर ओढायचं. एका साइजला एकच रिंग चालते हा त्याचा तोटा, पण ज्यांच्याकडे तीच तीच बेअरिंग निघतात त्यांच्यासाठी याच्यासारखं काही नाही. बेअरिंग परत बसवताना मात्र ११० डिग्री पुरतात, १२० च्या वर साधं बेअरिंग नेऊ नये, त्याचं माप बदलू शकतं.

कधी कधी गंज नसतो, फिटही फार घट्ट नसते आणि तरी हलत नाही. बऱ्याचदा तिथे आधीच्या कुणीतरी लॉकटाइटसारखं रिटेनिंग कंपाउंड (भाग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) लावलेलं असतं. ते साधारण २५० डिग्रीला सैल पडतं आणि गरम असतानाच काढावं लागतं. स्टेनलेसवर स्टेनलेस हे आमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, दोन पृष्ठभाग एकमेकांत रुतून बसतात आणि तिथे उष्णता फारशी मदत करत नाही, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगतो आणि कापायची तयारी ठेवायला सांगतो. उलट पोलादी शाफ्टवरचा ब्राँझचा इम्पेलर आला की बरं वाटतं, ब्राँझ पोलादाच्या साधारण दीडपट वाढतं.

काही कामं आम्ही सरळ थांबवतो. बंद पोकळी असलेला रोलर किंवा हब आला तर भोक पाडून वाट केल्याशिवाय तापवत नाही, मग मालक कितीही घाईत असो. आत पाणी अडकलेलं असेल तर २५० डिग्रीला वाफेचा दाब ४० बारच्या आसपास जातो, तो पाइप नसतो की व्हॉल्व्हने सुटेल, तो फुटतो. टेपरवर, म्हणजे निमुळत्या शाफ्टवर, बसलेलं कपलिंग असेल तर नट फक्त सैल करायचा, काढायचा नाही, कारण टेपर सुटतो तो झटक्यात सुटतो आणि कपलिंग समोर उडतं. समोर उभं राहायचं नाही हे तर आहेच. आणि आत फ्लुओरो रबरचे, म्हणजे व्हिटॉन टाइपचे सील असतील तर ते आधी काढायचे. ३०० डिग्रीच्या वर ते विघटित व्हायला लागतात आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो, जळून चिकट काळा पडलेला असा सील दिसला तर हाताने अजिबात शिवायचं नाही.

पुढचा टप्पा ग्राहकांनीच करायला लावला. काढून देता तर बसवूनही द्या म्हणाले. मग शाफ्ट मायक्रोमीटरने मोजणं, डायलवर रनआउट (फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते) बघणं, बोअर मोजणं, खरवडलेला भाग साफ करणं आणि तापवून परत बसवणं हे पण सुरू केलं. प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरमध्ये होते, मटेरियल काय, माप काय मिळालं, किती तापमानाला सुटलं, आणि जाम का झालं होतं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण जुनी पानं चाळली की दिसतं की तेच मशीन, तेच कपलिंग परत येतंय, आणि प्रत्येक वेळी तीच लाल भुकटी, म्हणजे फिट सैल आहे, बोअर घासलाय. मग आम्ही मालकाला लिहून देतो की हे आता परत असंच बसवू नका, बोअर दुरुस्त करा, नाहीतर कपलिंग बदला. त्यामुळे आमची पुढची कामं कमी होतात हे खरं, पण तेच लोक दुसरी मशीन घेऊन येतात.

सध्या एका मोठ्या कॉइलची तयारी चालू आहे, जड हबसाठी, आणि साइटवर न्यायला पुलरची ट्रॉली. तोपर्यंत कुणाला आमच्याकडे काही आणायचं असेल तर एवढंच करा : हबवर वेल्डिंग करू नका, घण मारू नका, आधीच कुणी गॅस लावला असेल तर तसं सांगा, मोजता येत असेल तर शाफ्टचं माप आणि हबची जाडी कळवा, आणि कपलिंगवर किंवा मोटरवर नेमप्लेट असेल तर तिचा स्पष्ट फोटो पाठवा, त्यावरून आम्ही बरीच तयारी आधीच करून ठेवतो.