उभ्या गाडीची गळती

जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगमधून ऑइल गळत असेल, तर दोष बहुधा ठरलेल्या जागांपैकी एकीत सापडतो: प्रेशर पाइपच्या दाबून बसवलेल्या जोडापाशी, पंपाच्या शाफ्टवरच्या ऑइल सीलमध्ये किंवा रॅकच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या यंत्रणेच्या, टोकाच्या सीलमध्ये. ज्या गाडीबद्दल मी लिहीत आहे, तिच्या मालकांना हे तिन्ही दोष वेगवेगळ्या वेळी सांगून झाले होते. पंप बदललाही होता, तरी ऑइल कमी होत होते आणि वळण घेताना पंप कण्हल्यासारखा आवाज करत होता. आता संपूर्ण रॅकच बदलावा लागेल, असा सल्ला त्यांना मिळाला होता. स्टिअरिंग मध्येच जड होत असल्यामुळे गाडी रस्त्यावर काढणे त्यांना सुरक्षित वाटत नव्हते, म्हणून हत्यारे घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो.

बॉनेट उघडण्याआधी मी त्यांना विचारले, की गळती नेमकी केव्हा दिसते. “गाडी चालवून आणली की खाली थेंबही पडत नाही, रात्रभर उभी राहिली की सकाळी डाग दिसतो,” असे त्यांनी सांगितले, आणि ही गोष्ट आपण आधीही बोललो होतो, पण तिच्यावर कोणी पुढे काही विचारले नाही, असेही ते म्हणाले. माझ्या दृष्टीने निम्मे निदान या एका वाक्यात होते. पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे प्रेशर पाइपमध्ये, चाक एका टोकापर्यंत वळवल्यावर दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत चढतो. तिथे फट असती तर ऑइल चालत्या इंजिनावर बाहेर पडले असते आणि उभ्या गाडीत गळती मंदावली असती. स्टिअरिंग ऑइलच्या टाकीतून पंपाकडे येणाऱ्या सक्शनच्या, म्हणजे ऑइल ओढून घेण्याच्या, बाजूला स्थिती नेमकी उलट असते. इंजिन सुरू असताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे बारीक फट ऑइल बाहेर सोडत नाही, तर हवा आत ओढते. इंजिन बंद झाले की टाकीतल्या ऑइलचा भार त्याच फटीवर येतो आणि ती ठिबकू लागते.

तरीही केवळ तर्कावर नट सैल करणे मला मान्य नाही. इंजिन सुरू करून टाकीत पाहिले, तेव्हा लाल ऑइलवर फिकट गुलाबी फेस आलेला होता आणि टाकीच्या झाकणाभोवती ओल होती. गळती शोधताना सगळ्यात वरची ओली जागा गाठावी, कारण ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते, असा आमच्या कामातला नियम आहे आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. या गाडीत त्या नियमाने थेट झाकणाकडे बोट दाखवले असते. परंतु हवा मिसळल्यामुळे ऑइल फुगून झाकणाच्या श्वासछिद्रातून बाहेर येत होते. झाकण ओले होणे हा परिणाम होता, कारण नव्हे. पंपाचा आवाजही त्याच हवेचा होता. ऑइल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते, त्यामुळे बुडबुडे पंपातून जाताना आवाज होतो आणि स्टिअरिंगला मिळणारे बळ कधी पुरेसे, कधी अपुरे राहते.

रॅकवरचा आरोप तपासणे आवश्यक होते. मागच्या चाकांना अडण लावून गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलला आणि ती भक्कम स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कधीही जात नाही आणि कोणी जाऊ नये, असे मनापासून सांगतो. रॅकच्या टोकाचे सील गेले असेल तर ऑइल त्या टोकावरच्या रबरी बुटात, म्हणजे घड्यांच्या आवरणात, साचते. दोन्ही बुटांची क्लॅम्प सैल करून पाहिले, तर आत जुने ग्रीस होते, पण ऑइलचा मागमूस नव्हता. प्रेशर पाइपच्या जोडांजवळ चालत्या इंजिनात हात नेण्याऐवजी पुठ्ठा धरून पाहिला. एवढ्या दाबाची सुईसारखी बारीक धार त्वचा भेदून आत शिरू शकते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठा कोरडा राहिला.

मग इंजिन बंद करून पंप, टाकी आणि पाइप डिग्रीझरने धुतले, पुसून पूर्ण कोरडे केले आणि पंपाच्या आसपास टाल्कम पावडरीचा पातळ थर फवारला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावडरीत एकच लाल ओघळ होता आणि त्याची सुरुवात पंपाच्या तोंडावर दोन बोल्टांनी बसवलेल्या सक्शनच्या वाकड्या नळीखाली होती, जिला आम्ही कोपरा म्हणतो. खात्रीसाठी त्या जोडाभोवती ग्रीसचा जाड थर दिला आणि बेल्टपासून हात दूर ठेवून इंजिन सुरू केले. काही क्षणांत आवाज स्पष्टपणे कमी झाला. ग्रीस ही दुरुस्ती नव्हती, परंतु हवा नेमकी तिथूनच शिरत होती याचा याहून सरळ पुरावा मला सुचत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, टाकीतले ऑइल सिरिंजने उपसले आणि पंपाखालच्या अल्टरनेटरवर प्लास्टिक व चिंध्या बांधल्या. ऑइल अल्टरनेटरमध्ये गेले तर एका दुरुस्तीतून दुसरी उभी राहते. कोपऱ्याचे बोल्ट काढल्यावर आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बंद करणारी रबरी कडी, हाती आली. जिचा काप गोल असायला हवा, ती चौकोनी चपटी झाली होती आणि बोटांत वाकवताच तिला तडे गेले. पंप नवा बसवला गेला होता. जुन्या पंपावरचा कोपरा मात्र त्याच रिंगसकट नव्या पंपावर चढवलेला होता. त्यामुळे नवा पंपही पहिल्या दिवसापासून हवा ओढत राहिला.

नवी रिंग निवडताना आतला व्यास आणि जाडी, दोन्ही जुळली पाहिजेत, आणि ती ऑइल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराची असली पाहिजे. खाचेत अडकलेले जुन्या रबराचे कण लाकडी काडीने काढले, कारण पोलादी टोकाने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नव्या रिंगलाही बसायला जागा राहत नाही. रिंग त्याच ऑइलने ओली करून बसवली आणि सहा मिलिमीटरचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून, साधारण १० न्यूटन-मीटरपर्यंत, आवळले. ॲल्युमिनियममधले आटे यापेक्षा फार जोर सोसत नाहीत. आधी कोणते ऑइल भरले जात होते हे मी मुद्दाम विचारून घेतले होते, आणि ते झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच निघाले. काही जण घरी हाताशी असलेले ब्रेक ऑइल यात ओततात. त्याने ही सील फुगून निकामी होतात आणि मग खरोखरच पंप, रॅक सगळे काढावे लागते.

ऑइलमध्ये अडकलेली एअर, म्हणजे हवा, काढण्याचे काम मालकांनी स्वतः केले. पुढची चाके अधांतरी आणि इंजिन बंद असताना त्यांनी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले, मी टाकीतली पातळी सांभाळत राहिलो आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत आम्ही घाई केली नाही. नंतर केबल जोडून इंजिन सुरू केले आणि पुन्हा तसेच फिरवले. शेवटच्या टोकाला चाक धरून ठेवू नये, कारण तिथे पंप पूर्ण दाबावर काम करतो आणि ऑइल झपाट्याने तापते. फेस विरला, लाल ऑइल पारदर्शक झाले आणि आवाज उरला नाही. टाकीकडे येणाऱ्या रिटर्न पाइपचे रबरही क्लॅम्पपाशी कडक झालेले दिसले, म्हणून तो पाइप लवकरच बदलून घ्यावा, असे मी त्यांना सांगितले.

जुना पंप त्यांनी जपून ठेवला होता. मी तो उघडून पाहिला. आतल्या पात्या त्यांच्या खाचांत मोकळ्या सरकत होत्या, त्या ज्या रिंगमध्ये फिरतात तिच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे नव्हते आणि शाफ्ट कुठेही न अडखळता फिरत होता. मालकांच्या संमतीने त्याला नवी सील बसवली, आत थोडे ऑइल सोडले, दोन्ही तोंडे टोप्यांनी बंद केली आणि राखीव पंप म्हणून तो त्यांच्या स्वाधीन केला.